आढाव सरांची चौथी पायरी

आमच्या कॉलेजात एमबीएच्या पोरांना मनुष्यबळ व्यवस्थापन शिकवणारे प्राध्यापक उन्मेष आढाव ख्रिस्ती आहेत, हे कुणी वेगळं सांगावं लागत नाही. पहिल्याच तासाला ते बायबलमधल्या मोशेच्या सासऱ्याची गोष्ट सांगतात. मोशे सकाळपासून दिवेलागणीपर्यंत एकटाच लोकांची भांडणं सोडवत बसायचा. सासरा इथ्रो पाहुणा म्हणून आला, त्यानं दिवसभर हा प्रकार पाहिला आणि जावयाला सांगितलं, बाबा रे, असं करशील तर तूही मरशील आणि रांगेत उभे असलेले लोकही मरतील. दहा-दहा, पन्नास-पन्नास माणसांवर एकेक मुकादम नेम, आणि फार अवघड असेल तेवढंच तुझ्याकडे येऊ दे.

"जगातला पहिला मॅनेजमेंट कन्सल्टंट," आढाव सर म्हणतात, "पण सासरा पडला, म्हणून फी मिळाली नाही."

दुसऱ्या तासाला नोकरभरती. तेव्हा ते प्रभूच्या बारा शिष्यांवर येतात. "बारा माणसं निवडली. कुणाची पदवी विचारली नाही, अनुभवाचा दाखला मागितला नाही. पूर्ण भरतीत एकच निवड चुकली, तीस नाण्यांसाठी गुरूला पकडून देणाऱ्याची, आणि तो नेमका अकाउंट्स सांभाळायचा." पोरं बाकं वाजवतात. मग सर स्वतःच इतके हसतात की चष्मा पुसायला लागतो.

मी श्वेता. याच कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. स्टाफरूममध्ये माझं टेबल आढाव सर आणि कामिनी मॅडम यांच्या मधोमध आहे, आणि कामिनी मॅडम अकाउंट्स शिकवतात. तो विनोद पहिल्यांदा त्यांच्या कानावर आला तेव्हा त्या मला म्हणाल्या होत्या, "त्यांना विचार, उरलेल्या अकरा जणांच्या प्रवासखर्चाचा मेळ कोण घालत होतं?" मला वाटलं, त्यांनी ते हसण्यावारी नेलं.

आढाव सर मुळात मास्तर नाहीत. कळमेश्वरच्या एमआयडीसीत एका पाइपच्या कारखान्यात ते अनेक वर्षं एचआर मॅनेजर होते. तिथे मंदी आली आणि माणसं कमी करायचं काम यांच्या गळ्यात पडलं. इतर मॅनेजर लोक पाकीट टेबलावर सरकवून मोकळे होतात. हे प्रत्येकाच्या घरी जायचे. जाताना डझनभर केळी न्यायचे. त्या माणसाच्या बायकोसमोर बसून, पाणी पिऊन मग सांगायचे. त्यानंतर त्याला दुसरीकडे काम लागेपर्यंत त्याच्यापेक्षा जास्त वणवण यांचीच. त्या भागात असं झालं की आढाव साहेब केळी घेऊन गल्लीत शिरले की बाया रडायलाच सुरुवात करायच्या. एकदा तर ते नुसते एका बारशाला चालले होते. शेवटी कंपनीनं ठरवलं की यांनाच कमी करावं. पण तसं पत्र धड लिहिता येईल असा माणूस तिथे एकच होता. तेव्हा ते पत्र त्यांनीच लिहिलं. फार मायेनं लिहिलं होतं म्हणतात. मालकानं सही करताना डोळे पुसले.

तर असे हे सर. धर्म रविवारी आणि धंदा सोमवारी ही वाटणी त्यांना कधी जमली नाही. माणसांना कामाला लावणं आणि माणसांवर माया करणं ही त्यांच्या लेखी एकच विद्या. आम्हाला ते पटायचं. फक्त आमच्यावर प्रयोग होऊ नये असं वाटायचं.

प्रयोग झाला तो कूलरमुळे.

आमची स्टाफरूम आणि कॉलेजचं ऑफिस यांच्यामध्ये प्लायवूडचं पार्टिशन आहे, तेही छतापर्यंत न पोचलेलं. दोन्हीकडे मिळून एकच लोखंडी कूलर, मागच्या खिडकीत, अर्धा इकडे अर्धा तिकडे. त्याचं बटण ऑफिसच्या भिंतीवर आणि पाण्याचा नळ आमच्या बाजूला. ज्यानं हे बसवलं त्याला भांडणंच लावायची असणार.

ऑफिसात सुपरिंटेंडंट आहेत चंपतराव. मूळचे उमरेडचे, घरी पिढ्यान्‌पिढ्या हातमाग. यांच्या वडिलांपर्यंत विणकाम चाललं, मग हे नोकरीला लागले. आवाज असा की फोन न लावताही उमरेडला ऐकू जावा. तीन उन्हाळ्यांपूर्वी कूलरच्या झोतानं त्यांच्या टेबलावरचा परीक्षेच्या अर्जांचा गठ्ठा उडाला आणि अर्ज खिडकीतून पार्किंगमध्ये, काही पलीकडच्या नाल्यात गेले. चंपतरावांनी कूलर बंद केला. कामिनी मॅडमना उकडलं, त्यांनी विचारलं कूलर का बंद केला. चंपतराव पार्टिशनवरून म्हणाले, "मॅडमले इतकी हवा लागते तं शिमल्याले काहून नाई बदली घेत?" मॅडमनी उठून नळ बंद केला.

तेव्हापासून हेच. मॅडमचा तास नसला की चंपतराव बटण बंद करायचे. चंपतरावांना स्वतःला असह्य झालं आणि त्यांनी बटण लावलं की मॅडम नळ बंद करायच्या. कोरडा कूलर म्हणजे नागपूरच्या मे महिन्यात भट्टीच्या तोंडाशी पंखा लावून बसण्यासारखं. त्या दोघांचा हट्ट आणि घाम मात्र सगळ्यांचा. डायरेक्टर साहेबांच्या केबिनला एसी आहे, त्यामुळे त्यांच्या मते कॉलेजात वातावरण चांगलं होतं.

दोघं एकमेकांशी बोलत नसत. जे काय बोलायचं ते माझ्यामार्फत.

"पोरी, त्या बाईले सांगजो," चंपतराव म्हणायचे, "कूलर तिच्या बापानं आंदणात नाई देल्ला."

मी मॅडमकडे वळून सांगायची, "चंपतराव म्हणतात, कूलर सगळ्यांचाच आहे."

"त्यांना सांग," मॅडम म्हणायच्या, "बटण दाबायला अक्कल लागत नाही, म्हणून तर ते काम त्यांच्याकडे दिलंय."

मी पार्टिशनवरून सांगायची, "मॅडम म्हणतात, बटण तुमच्याच हाती बरं आहे."

प्लायवूड पातळ असलं तरी तो कूलर इतका खडखडायचा की मूळ वाक्य पलीकडे पोचत नसे. आणि कूलर बंद असला की दोघंही उन्हानं इतकी थकलेली असत की बोलतच नसत. असं तीन उन्हाळे निभावलं.

यंदा मे महिन्यात कॉलेजच्या मूल्यांकनाची समिती येणार असं कळलं. डायरेक्टरांनी आढाव सरांना बोलावलं. मी काही आकडेवारी घेऊन तिथेच बसले होते.

"आढाव सर, तक्रार निवारण कक्ष लागतो आपल्याला. कागदावर आहे. पण समिती विचारेल, एखादी सोडवलेली तक्रार दाखवा. तर एक तक्रार शोधा आणि सोडवा."

तक्रारपेटी जिन्याखाली होती. तिची किल्ली सापडेना. कुलूप तोडलं तेव्हा आत चॉकलेटचे कागद आणि एक तुटका कंगवा निघाला.

"तक्रार शोधायला नको सर," आढाव सर म्हणाले, "आमच्या खिडकीतच आहे."

"उत्तम. मॉडेल कुठलं वापरणार? जपानी का?"

"नाही. त्याच्या बऱ्याच अलीकडचं."

"म्हणजे लेटेस्ट?"

"म्हणजे अंतरानं अलीकडचं, सर. काळानं फार जुनं आहे. बायबलमधलं."

डायरेक्टरांनी वहीत 'पश्चिम आशियाई मॉडेल' असं लिहून घेतलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

स्टाफरूममध्ये परत येऊन सरांनी मला समजावलं. प्रभूनं सांगून ठेवलेल्या पायऱ्या होत्या त्या. भावानं तुझा अपराध केला तर आधी एकट्यानं जाऊन त्याच्याशी बोल. ऐकलं नाही तर एक-दोन साक्षीदार घेऊन जा. तरी ऐकलं नाही तर मंडळीसमोर मांड. "कंपन्यांची जी तक्रार पद्धत आहे ना श्वेता, ती हीच. फक्त त्यांनी तिच्यातून भाऊ काढून टाकला."

मला खरंच बरं वाटलं ते ऐकून. मग ते म्हणाले, "पहिल्या पायरीत मधे कुणी नको हं. तू पण नको." तेव्हा मात्र मी पाणी आणायच्या निमित्तानं उठले.

सेमिनार हॉलमध्ये दोघांना बसवलं. सरांनी पाण्याच्या दोन बाटल्या ठेवल्या, दार ओढून घेतलं आणि बाहेर बाकावर माझ्या शेजारी डोळे मिटून बसले. आतून आधी चंपतरावांचा आवाज आला. मग मॅडमचा. मॅडम एरवी नागपूरच्या धरमपेठी वळणाचं शुद्ध बोलतात, पण संताप आला की त्यांचं काटोलचं माहेर बाहेर येतं. ते आलं. मग खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि दार उघडून मॅडम थेट माझ्यासमोर.

"श्वेता! इतके दिवस तू मले सांगत होती की ते म्हणतात कूलर सगळ्यांचा आहे. अन् आता तं त्यांनी माझ्या वडिलांचं नाव घेतलं! म्हणे मी हे पहिल्या दिवसापासूनच म्हणून राहिलो!"

मागोमाग चंपतराव. "काहून वं पोरी? मले अक्कल नाई असं हे बाई तीन साल बोलून राहिली, अन् तू मले त्याचं काय सांगत होती? बटन माह्या हाती बरं हाय! मी घरी जाऊन सांगितलं ना बायकोले, मॅडमच्या मनात आपल्याबद्दल इज्जत हाय म्हणून!"

आढाव सरांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, परीक्षेत हुशार पोराचा पेपर कोरा निघावा तसं.

"श्वेता, तू खोटं सांगत होतीस?"

"सर, भाषांतर करत होते."

सरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "हे कुठल्या प्रकरणात घालावं, मला खरंच सुचत नाहीये."

दुसऱ्या पायरीला साक्षीदार म्हणून मी आणि मार्केटिंगचा विहंग असे दोघं बसलो. विहंग नवीन आहे, उत्साही आहे, आणि त्याचं टेबल पार्टिशनच्या अशा कोपऱ्यात आहे की बटण लागलं की पहिला झोत त्याच्यावर. तो म्हणाला, मुख्य गोष्ट बटणच. मी म्हटलं, पाणीच नसेल तर बटण घेऊन काय चाटायचंय? त्या दिवशी चंपतराव आणि कामिनी मॅडम यांच्यात काहीही मिटलं नाही. विहंगचं आणि माझं बोलणं मात्र बंद झालं.

तिसऱ्या पायरीसाठी सगळा स्टाफ बोलावला. सर फळ्यापाशी उभे राहून म्हणाले, "आपण सगळे एक कुटुंब आहोत." ही चूक झाली. कुटुंब म्हटल्यावर ज्याच्या त्याच्या मनातलं बाहेर यायला लागलं. पाच मिनिटांत बटण पार्टी आणि नळ पार्टी पडल्या. मग स्कूटर सावलीत कोण लावतं ते निघालं. चहात साखर कुणाच्या सांगण्यावरून कमी झाली ते निघालं. एका बाईंनी तर मागच्या दिवाळीत आपल्या डब्यातले अनारसे कुणी खाल्ले याचा जाब विचारला, आणि ज्यांना विचारला ते कबूल झाले. आवाज ऐकून डायरेक्टर केबिनबाहेर आले, दारात उभे राहिले, गरम हवा लागली तसे परत आत गेले.

दुसऱ्या दिवशी आढाव सर टेबलावर कोपरं टेकून बसलेले. कूलर बंद. पलीकडे चंपतराव वहीनं वारा घेत होते, इकडे मॅडम पदरानं.

मला राहवलं नाही. "सर, चौथी पायरी आहे का?"

"आहे," सर हळूच म्हणाले. "मी ती स्लाइडवर घातलीच नव्हती. मंडळीचंही ऐकलं नाही, तर त्याला परका आणि जकातदार समजावं."

आवाज कितीही हळू असला तरी कूलर बंद होता. पार्टिशनपलीकडून चंपतराव म्हणाले, "जकातदार म्हंजे? जीएसटीवाला का? माहा साडभाऊ जीएसटीत हाय. तो दुकानात शिरला का मालक उठून उभा राह्यते. मले तसं समजत असान तं आपली काई हरकत नाई."

कामिनी मॅडम फणकारल्या. मी हसू दाबलं. आढाव सर मात्र एकदम सरळ बसले.

"श्वेता, प्रभू जकातदारांशी कसा वागत असे?"

"मला काय माहीत सर? माझं संख्याशास्त्र."

"त्यांच्याबरोबर जेवायचा! त्यावरून चांगली चांगली माणसं त्याला नावं ठेवायची. मी आजवर ही पायरी म्हणजे माणसाला बाहेर काढणं समजत होतो." ते उठलेच. "सोनिकाला फोन करतो."

सोनिकाताई म्हणजे त्यांच्या पत्नी, एका दवाखान्यात स्टाफ नर्स. फोनवर त्यांचं पहिलं वाक्य मलाही ऐकू आलं: "दोघांना? एकाच वेळी? मेमध्ये?"

सरांना लपवाछपवी जमत नाही. त्यांनी दोघांनाही सांगितलं की रविवारी दुपारी जेवायला या, आणि समोरचेही येणार आहेत. मला वाटलं, आता दोघंही नाही म्हणणार. पण आपण गेलो नाही तर दुसरा तिथे बसून काय काय सांगेल, या धास्तीनं दोघंही हो म्हणाले. भाषांतराची गरज पडली तर असावी म्हणून मलाही बोलावलं.

धरमपेठेच्या मागच्या गल्लीत सरांचा फ्लॅट आहे, सगळ्यात वरच्या मजल्यावर. डोक्यावर थेट गच्ची. बाहेर रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. आम्ही जिना चढून वर गेलो तर आत बाहेरपेक्षा गरम. चंपतराव टोपी काढून डोकं पुसत होते. मॅडमनी ठेवणीतली साडी नेसली होती आणि आता त्यांना ती नेसल्याचा पश्चात्ताप होत होता. मग सगळ्यांचं लक्ष खिडकीकडे गेलं. खिडकीत काहीतरी मोठं, चौकोनी होतं, आणि त्यावर फुलाफुलांची चादर घातलेली होती.

"सर," मी विचारलं, "हे काय आहे?"

"कूलर," सर माझ्या कानाशी येऊन म्हणाले. "म्हटलं, कुणाला त्या विषयाची आठवण नको. मन दुखायला नको. म्हणून बंद करून झाकून ठेवलाय."

स्वयंपाकघराच्या दारात सोनिकाताई उभ्या होत्या. त्यांच्या कपाळावरून घामाची धार लागली होती, आणि नवऱ्याकडे त्या अशा पाहत होत्या की त्या नजरेनं ताप उतरावा.

पानं वाढली. पाटोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा रस्सा, भात, पोळ्या, आमरस, कुरडया. रश्शाच्या वासानं चंपतरावांचा चेहरा पहिल्यांदाच सैल झाला. त्यांनी हात पुढे केला. तेवढ्यात सर म्हणाले, "आपण प्रार्थना करू या," आणि डोळे मिटले. आम्ही सगळ्यांनी मिटले.

सरांनी अन्नासाठी आभार मानले. अन्न पिकवणाऱ्यांसाठी मानले. गॅस सिलिंडर वेळेवर आला त्याबद्दल मानले. मग ते कॉलेजकडे वळले. डायरेक्टरांना सुबुद्धी मागितली, मूल्यांकन समितीला सुखरूप प्रवास मागितला. रश्शावर तवंग धरायला लागला असावा, वास कमी होत गेला. माझ्या पाठीवरून घाम उतरत होता.

"आणि हे स्वर्गीय पित्या," सर म्हणाले, "आमचे बंधू चंपतराव, ज्यांच्या हाती तू बटण दिलं आहेस, आणि आमच्या भगिनी कामिनी, ज्यांच्या हाती तू नळ दिला आहेस..."

मी डोळे उघडले. चंपतरावांचेही उघडे होते. नाकाच्या शेंड्यावरून थेंब पडेल की काय असं त्यांचं ध्यान. त्यांनी समोर पाहिलं, तर कामिनी मॅडमचेही उघडे. दोघांची नजरानजर झाली. दोघांनीही ती काढून घेतली नाही. चंपतरावांनी फक्त भुवई उचलली आणि नजर त्या फुलाफुलांच्या चादरीकडे नेली. मॅडमनी पदर तोंडात धरला. त्यांचे खांदे हलायला लागले. ते पाहून चंपतरावांचे हलायला लागले. त्यांनी तोंडावर टोपी दाबली आणि टोपीतून बारीक कण्हल्यासारखा आवाज येऊ लागला.

सरांनी डोळे मिटलेलेच होते. पण तो आवाज त्यांच्या कानावर गेला आणि त्यांचा स्वर भरून आला. त्यांना वाटलं, दोघं रडतायत. "पित्या," ते म्हणाले, "ही आसवं तू पाहतोस," आणि प्रार्थना पुन्हा नव्या जोमानं सुरू झाली.

"आमेन!" सोनिकाताई मोठ्यांदा म्हणाल्या.

"आमेन!" त्यांच्याही वरच्या आवाजात चंपतराव म्हणाले. आयुष्यात ते कधी चर्चची पायरी चढले नव्हते.

त्यांनी उठून सरळ ती चादर ओढली. "सर, माफ करजा, पण पह्यले हा चालू करा. मानूस मरून जाईन."

"पाणी आहे का त्यात, बघा आधी," मॅडम म्हणाल्या. त्या हे चंपतरावांनाच म्हणाल्या. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

जेवण फार चांगलं झालं. चंपतरावांनी रस्सा पुन्हा पुन्हा मागून घेतला. उमरेडला पाटोडी कशी करतात यावर मॅडमनी त्यांना खोडून काढलं, त्यांनी मॅडमना खोडून काढलं, आणि दोघांनाही मजा येत होती. निघताना सर मला जिन्यापर्यंत सोडायला आले. त्यांचे डोळे ओले होते. "पाहिलंस ना? प्रार्थनेत काय शक्ती असते." मी हो म्हटलं. आजही मी होच म्हणेन. त्या प्रार्थनेशिवाय ते झालं नसतं.

सोमवारी सकाळी दोघं बरोबर सरांच्या टेबलापाशी आले.

"सर, एक तक्रार आहे," मॅडम म्हणाल्या. "आमच्या दोघांची मिळून."

सर आनंदानं उठले. "कुणाविरुद्ध?"

"तुमच्याविरुद्ध. तुम्हीच म्हणता ना, आधी त्या माणसाला एकट्यात सांगावं."

मी उठायला लागले. चंपतराव म्हणाले, "तू बस वं. तुह्यापासून काय लपवाचं."

त्यांची तक्रार साधी होती: उन्हाळ्यात पाहुणे बोलावले की कूलर झाकू नये, आणि ताट वाढून झालं की देवाशी थोडक्यात बोलावं. सर हसले, मान्य म्हणाले. मग मॅडमची पाळी आली. त्यांनी खुर्ची ओढून घेतली.

"सर, तो बारा माणसांचा विनोद. दर वर्षी तुमच्या तासावरून पोरं माझ्या तासाला येतात आणि मी वही उघडली की हसतात. मागं एकदा माझ्या टेबलावर नाण्यांची पुरचुंडी ठेवली होती कुणीतरी. मी एकही दिवस हिशेबात खोट केली नाही, सर."

आढाव सरांचा चेहरा उतरला. इतका, की मी पाण्याचा ग्लास पुढे केला.

"मॅडम, इतकी वर्षं तुम्ही सांगितलं का नाही?"

"तुम्ही इतके चांगले," मॅडम म्हणाल्या. "चांगल्या माणसाची तक्रार कुठे करायची?"

सर टेबलामागून बाहेर आले, मॅडमसमोर हात जोडले आणि म्हणाले, "माझं चुकलं." एवढंच. त्यांच्या मानानं फारच थोडकं. त्याच दिवशी वर्गात जाऊनही त्यांनी तसंच सांगितलं. पोरांना नेमकं कशाबद्दल ते उमगलं नाही, पण सर गंभीर आहेत म्हणून त्यांनी बाकं वाजवली नाहीत. नंतर कितीतरी दिवस ते स्टाफरूममध्ये मुकाट्यानं बसायचे. एकदा मला म्हणाले, "मी लोकांना घरी जाऊन वाईट बातमी द्यायचो श्वेता, त्यांना लागू नये म्हणून. आणि इथे, एकच टेबल सोडून."

त्या दरम्यान चंपतराव उमरेडला गेले तेव्हा वडिलांच्या मागाचे, आडवा धागा फिरवणारे जुने धोटे घेऊन आले. शिसवी लाकडाचे, दोन्ही टोकांना लोखंड, हातात घेतले की वजन कळतं. आता ते ऑफिसातल्या गठ्ठ्यांवर ठेवलेले असतात, कितीही झोत आला तरी कागद हलत नाही. एक त्यांनी मॅडमलाही दिला. मॅडम म्हणाल्या, आमच्याकडे कागद उडत नाहीत. पण ठेवून घेतला.

समिती आली. अध्यक्ष म्हणून आलेल्या वयस्कर बाईंनी विचारलं, निवारण झालेली एखादी तक्रार दाखवा. डायरेक्टरांनी अभिमानानं नोंदवही पुढे केली. बाईंनी वाचलं, चष्मा काढला.

"तक्रार ज्यांच्याविरुद्ध आहे, तेच या कक्षाचे प्रमुख आहेत?"

"हो," आढाव सर म्हणाले. "मीच."

"मग निवारण कुणी केलं?"

"तक्रारदारांनी."

डायरेक्टरांनी घाईनं मध्ये सांगितलं की हे पश्चिम आशियाई मॉडेल आहे. बाईंनी मान डोलावली. "आणि आता तक्रारदारांचं समाधान झालं आहे?"

सगळ्यांनी कामिनी मॅडमकडे पाहिलं. त्यांनी जरा वेळ घेतला. "माफीनामा मिळाला आहे," त्या म्हणाल्या. "माफ करायचं की नाही ते मार्चअखेर बघेन. वर्षाचा हिशेब मिटल्याशिवाय नाही जमायचं."

बाईंना हे फार आवडलं. इतका खरा शेरा कुठल्याच कॉलेजात मिळाला नाही, असं त्या म्हणाल्या. आम्हाला श्रेणी बरी मिळाली. सरांनी मार्चअखेरीपर्यंत थांबायचं मान्य केलं आहे. ते म्हणतात, माफी मागायची तेवढीच आपली बाजू.

परवा संध्याकाळी धरमपेठेतल्या बाजारात सोनिकाताई भेटल्या. दोन्ही हातांत पिशव्या, एकीतून कोथिंबीर बाहेर आलेली, दुसरीत बेसनाचं मोठं पाकीट.

"कुणी येणार आहे का?" मी विचारलं.

"रविवारी. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी आणि खालच्या मजल्यावरचे आजोबा. पाण्याच्या टाकीवरून जुंपली आहे. मागच्या रविवारी चर्चच्या क्वायरमधले दोघं होते, त्याआधी एक रिक्षावाला आणि त्याचा मेहुणा." त्यांनी पिशव्या जमिनीवर ठेवून बोटं मोकळी केली. "मी नर्स आहे गं. मला वाटलं होतं, रविवारी तरी पेशंट नसतील."

"मग सरांना सांगत का नाही?"

"सांगितलं. ते म्हणाले, अगदी बरोबर आहे तुझं, माझं चुकलं. आणि मग स्वतः कांदे चिरायला बसले. असे चिरले की मला परत चिरावे लागले." त्या हसल्या आणि एक पिशवी माझ्याकडे सरकवली. "पोळ्या लाटायला येशील का रविवारी? सेक्रेटरी फार खातात म्हणे."

मी पिशवी उचलली. चांगलीच जड होती. आम्ही गर्दीतून वाट काढत त्यांच्या गल्लीकडे निघालो.